रेघेवर उभी अक्षरं

कृष्णात खिळे सोडायचा. छापखान्यात जुळारी शिशाचं एकेक अक्षर, म्हणजे खिळा, उचलून ओळ बांधतो, ते जुळवणं. छापून झालं की त्याच ओळी मोडून प्रत्येक अक्षर पुन्हा ज्याच्या त्याच्या खणात टाकायचं, ते सोडणं. जुळवणाऱ्याचं नाव होतं. सोडणाऱ्याचं होत नाही. पण 'म'च्या खणात 'भ' पडला तर दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी लग्नपत्रिकेत घोळ होतो आणि शिव्या सोडणाऱ्यालाच बसतात. कृष्णातनं पंचवीस वर्षं खिळे सोडले. एवढ्या वर्षांत त्याच्या हातचे चुकीच्या खणात पडलेले खिळे अकरा निघाले. कुठला खिळा कुठल्या खणात सापडला, हे अकराच्या अकरा त्याला पाठ होते.

भाऊसिंगजी रोडच्या एका बोळात अंबादासपंतांचा छापखाना होता. पायानं चालवायची दोन ट्रेडल मशिनं, चार जुळारी, एक कागद कापायचं यंत्र. कृष्णात तिथं आला तेव्हा चोवीस वर्षांचा होता आणि त्याला अक्षर येत नव्हतं. शाळेच्या वयात त्यानं गावची म्हसरं राखली होती. पहिली दोन वर्षं रॉकेलच्या बोळ्यानं खिळ्यांवरची शाई पुसली. मग सोडणारा म्हातारा वारला आणि त्याच्या जागेवर ह्याला उभं केलं.

दस्तगीर नावाचा मोठा जुळारी होता. त्यानं कृष्णातला केस दाखवली. केस म्हणजे खणाखणांची लाकडी पेटी. "ह्यो खण असल्या तोंडाचा, त्यो तसल्या तोंडाचा. वाचायचं न्हाय. तोंड बघायचं आन् टाकायचं." कृष्णात तोंड बघून टाकायला शिकला. पुढं डोळेही लागेनात, अंगठ्याखाली अक्षर फिरलं की कळायचं. नाव मात्र ठाऊक नव्हतं. नावं कळली ती जुळाऱ्यांच्या हाकांनी. "ए किस्नात, 'ळ' संपला." "ए, 'ध' कुठायत?" त्यानं खण बघून ठेवायचा आणि नाव मनात लावून घ्यायचं. असं करता करता दीड वर्षात बाराखडी पुरी झाली.

एके दुपारी तो गुळाच्या अडत्याची जाहिरात सोडत होता. मोठ्या अक्षरातला 'ग' उचलला, उकार उचलला, 'ळ' उचलला. तिन्ही चिमटीत होती आणि तोंड आपसूक म्हणालं, गूळ. तो थांबला. पुन्हा म्हणाला, गूळ. दस्तगीरनं मान वर केली. "काय रं, भूक लागली?" कृष्णात हसत सुटला. त्या दिवशी हातातली जाहिरात सोडायला नेहमीच्या दुप्पट वेळ गेला, कारण त्यानं ती आधी सगळी वाचली.

त्यानंतर त्याला एक सवय लागली. काम संपलं, जुळारी हात धुवायला गेले की तो जुनी, कडा झिजलेली स्टिक घ्यायचा. स्टिक म्हणजे ओळ बांधायची पितळी पट्टी. तीत तो एक ओळ जुळवायचा. स्वतःची. एकच. मग ती अंगठ्यानं वाचायची, पुन्हा डोळ्यानं वाचायची आणि खिळा न् खिळा सोडून घरी जायचं. कागद नाही, शाई नाही, मागं काही उरायचं नाही. एकदा अंबादासपंतांनी पाहिलं. "काय करतोयस रे?"

"हात बसवतोय, मालक."

खिळे जागच्या जागी जातात ना, एवढं बघून पंत गेले.

मंगळवार पेठेत त्याची दोन खोल्यांची जागा होती. घरी आला की बायको तानाबाई भाकरी थापता थापता विचारायची, "आज काय लिवलंसा?" तिला अक्षर येत नव्हतं, पण ओळ ऐकायची असायची. कृष्णात सांगायचा. 'दस्तगीरभाईंना खोकला आहे.' 'आज गूळ फार.' 'रंकाळ्यावर वारा सुटला म्हणतात, मी पाहिला नाही.' तानाबाई कधी म्हणायची, "हां, हे बरं झालं," कधी म्हणायची, "ह्यात काय लिवायचं?" संस्थान मुंबई राज्यात गेलं त्या वर्षी, वर 'कोल्हापूर संस्थान' असं जुळवून, दोऱ्यानं बांधून ठेवलेले सगळे जुने फॉर्म मोडायला निघाले. ते काम तीन आठवडे चाललं. शेवटच्या दिवशी त्यानं घरी येऊन ओळ सांगितली, 'संस्थान सोडले.'

"कुठं सोडलंसा?"

"खणात."

तानाबाई हसून हसून खोकली. म्हणाली, राजाला कळवा.

हे सुख खरं होतं. पण त्यात एक गोम होती आणि ती कृष्णातच्या हातात मुरलेली होती.

खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं. स्टिकमध्ये ओळ डावीकडून उजवीकडंच जाते, पण प्रत्येक अक्षर डोक्यावर उभं. रेघ खाली आणि अक्षर वर. पहिली ओळ तळाला बसते, दुसरी तिच्या वर चढते. छापलं की सगळं सुलट होतं. जुळारी शाळेत सुलट शिकून आलेले, त्यांना दोन्ही येतं. कृष्णात शिकला तेच उलटं. लोकांची अक्षरं रेघेला लटकतात, त्याची रेघेवर उभी राहायची. छापलेला कागद हातात आला की त्याला तो परका वाटायचा. ओळीच्या डोक्याशी तळव्याएवढा आरसा उभा धरला की आरशात ओळखीची तोंडं दिसायची, मग वाचता यायचं.

मुलगी बना सहा वर्षांची झाली तेव्हा त्यानं हौसेनं तिला पाटीवर अक्षरं शिकवली. खाली रेघ, वर अक्षर. पोरीचा हात चांगला. शाळेत घातलं त्या दिवशी तिनं पाटीभर लिहून दाखवलं. मास्तरांनी तिच्या बोटांवर पट्टी मारली आणि दिवसभर उभी केली. घरी येऊन ती रडली नाही. म्हणाली, "आबा, तुमचं समदं उलटं हाय." आठवड्यात ती सुलट शिकली. कृष्णातनं त्यानंतर घरात पेन्सिल हातात धरली नाही.

आरसा मात्र दोघांचा राहिला. बना तिच्या पुस्तकावर आरसा धरायची आणि बाप ओळ वाचायचा. तो अडला की ती म्हणायची, "आबा, आरसा हलला. माझी चूक." चूक तिची नसायची. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं.

सतराव्या वर्षी बनाचं लग्न झालं. दिलं कागलला, गणपतरावांच्या मुलाला. घरची शेती, माणसं खाऊनपिऊन सुखी. बनाची सासू धोंडुबाई करारी होती, पण सुनेला उपाशी ठेवणारी नव्हती. बना महिन्याला एक पत्र पाठवायची. हाताचं अक्षर कृष्णातला आरशातही नीट लागायचं नाही, म्हणून ते दस्तगीर वाचून दाखवायचा. उत्तरही तोच लिहायचा. कृष्णातनं सांगायचं, आम्ही बरे आहोत. दस्तगीरनं लिहायचं, परमेश्वरकृपेने येथील सर्व क्षेम असून आपले क्षेम चिंतितो.

"एवढं म्या म्हणलं न्हवतं, दस्तगीरभाई."

"पत्राला वजन लागतंय. तू गप बस."

पहिल्या बाळंतपणाला बना माहेरी आली. मुलगा झाला. पाच महिने राहून, त्रेपन्न सालच्या वैशाखात ती परत गेली. पंधरा दिवसांनी तिचं पत्र आलं. दस्तगीर वाचता वाचता मध्येच थांबला आणि चष्म्यावरून बघू लागला. मग वाचलं, 'आबा, दर खेपेला चाचांचं अक्षर येतं. चाचा, रागावू नका. आता एक कार्ड आबांच्या हातचं पाठवा. कसं का असेना. माझ्याजवळ आरसा आहे.'

"बघ रं तुझी लेक," दस्तगीर म्हणाला. "मला काढून टाकलं."

 त्या संध्याकाळी कृष्णातनं ओळ जुळवली, 'बनाने अक्षर मागितले.' ती सोडायला त्याचा हात निघेना. पण सोडली.

कार्डाला नऊ दिवस लागले. कागद कापताना उरलेल्या पट्ट्या त्यानं गोळा केल्या. टाक आणि दौत दस्तगीरनं दिली. खिळा उचलणारी बोटं टाक धरताना आखडायची. पहिले चार दिवस नुसत्या रेघा आणि अक्षरं. 'श' फुटायचा. 'क्ष' त्यानं ठरवून टाळला, तो लागेल असं काही लिहायचंच नाही. पाचव्या दिवशी मजकूर ठरवला, मोजला, कार्डावर किती ओळी बसतील ते स्टिकच्या मापानं बघितलं. दोन कार्डं डाग पडून गेली. तिसरं त्यानं नवव्या दिवशी दुपारच्या सुट्टीत, खिडकीच्या उजेडात लिहिलं. तळाशी, मधोमध, श्री. तिथून वर चढत सहा ओळी.

'चि. बना हीस आशीर्वाद. मी बरा आहे. तुझी आई बरी आहे. आज गुळाच्या जाहिराती सोडल्या. बाळाच्या पायांना तेल लावत जा. हे मीच लिहिले आहे. तुझा आबा.'

तुझा आबा सगळ्यांत वर आलं. वाळल्यावर त्यानं ते पुन्हा वाचलं. बोटानं वाचता येत नव्हतं, कागद सपाट. पण एकही अक्षर चुकलं नव्हतं. त्यानं तीनदा तपासलं.

पत्ता दस्तगीरनं सुलट अक्षरात घातला. मग कार्ड उलटं करून बराच वेळ बघत बसला.

"किस्नाता, असंच धाडायचं?"

"तिनं मागितलंय तसं."

"तिनं मागितलंय, खरं हाय. पर हे कार्ड उघडं. वाटंत धा लोक बघणार. पाकिटात घाल."

"कार्ड म्हणलीया ती."

"अरं, कार्ड म्हणलीया म्हणून काय कार्डच..."

"कार्ड म्हणलीया," कृष्णात म्हणाला.

आयुष्यभर जे सांगितलं ते तंतोतंत करायची त्याला सवय होती. त्याच सवयीवर त्याची नोकरी टिकली होती. त्यानं स्वतः जाऊन कार्ड पेटीत टाकलं आणि पेटीच्या तोंडात दोन बोटं घालून ते खाली पडलंय का ते बघितलं.

पुढचे दिवस त्याचे फार बरे गेले. तानाबाई रोज विचारायची, "पोचलं आसंल का?" आणि तो दिवस मोजून सांगायचा. बना आरसा कुठं धरील, हेही त्यानं ठरवलं होतं. पश्चिमेच्या खिडकीत, दुपार कलल्यावर. काम चालू असता त्याच्या मनात अधूनमधून ती खिडकी यायची. त्या दिवसांत त्याच्या संध्याकाळच्या ओळी लांबल्या. एक ओळ दोन ओळींची झाली, एकदा तर तीन झाल्या.

सतराव्या दिवशी छापखान्याच्या दारात एक गाडीवान आला. कागलहून गुळाच्या गाड्या घेऊन शाहूपुरीत आलेला.

"कृष्णात पावणं कोन हितं?"

"म्या."

"गणपतरावांच्या सुनंचं पोरगं गेलं. आज चार दिस झालं. तुमास्नी कुणी कळवलं न्हाय म्हणून म्या आलो."

चार दिवस. निरोप का आला नाही, हे गाडीवानानं सांगितलं नाही. त्याला ठाऊक नसावं, किंवा ठाऊक असून बोलला नसावा.

कृष्णात आणि तानाबाई दुपारच्या एस.टी.नं कागलला गेली. तानाबाई वाटभर रडली. घराच्या दारात धोंडुबाई उभी होती. तिनं तानाबाईला हाताला धरून आत घेतलं. कृष्णात पायरीवर आला तशी म्हणाली, "पावणं, तुम्ही आत येऊ नगासा."

तो पायरीवरच थांबला. गणपतराव बाहेर आले आणि कट्ट्यावर बसले. त्यांनी कृष्णातला बसा म्हटलं. तो बसला नाही. मग त्यांनी जमिनीकडं बघत सगळं सांगितलं.

कार्ड आलं त्या दिवशी बना शेतावर होती. गावातली पत्रं पोस्टमन वाचून दाखवायचा. त्यानं कार्ड इकडून बघितलं, तिकडून बघितलं, फिरवून बघितलं आणि धोंडुबाईला म्हणाला, "मावशी, हे कसलं लिवणं हाय, मला उमगत न्हाय. श्री खाली हाय, त्यो बी डोक्यावर." बना घरी आली. सासूनं कार्ड दिलं. बनानं कुंकवाचा आरसा काढला, खिडकीत बसली, कार्डावर आरसा उभा धरला आणि वाचू लागली. ओठ हलत होते. मग हसली. हे धोंडुबाईनं आपल्या डोळ्यांनी बघितलं. तिसऱ्या दिवशी पोराला ताप भरला, जुलाब लागले. औषध आणलं. सातव्या दिवशी पोरगं गेलं.

"गणपतराव, त्यात काय न्हवतं. तेल लावत जा, असं लिवलं हुतं. कार्ड आणा. म्या वाचून दावतो."

"कार्ड न्हाय आता. ताप उतरंना म्हणून देवऋषाला इचारलं. त्यो म्हणाला, करणी हाय. लिंबू-नारळासंगं वढ्यात सोडाय सांगितलं. सोडलं."

"छापखान्यात असंच असतंय. अक्षर उलटंच असतंय तिथं. कुणालाबी इचारा."

गणपतरावांनी डोक्याचा पटका सारखा केला. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "आसंल. माझ्या मनाला इचारशीला तर मलाबी पटत न्हाय. पर पावणं, छापखान्यात पोरं मरत न्हाईत."

कृष्णातनं खिशातला आरसा चाचपला. 

तानाबाई बाहेर यायला निघाली तेव्हा तिच्या मागं बना दारापर्यंत आली. तोंड सुजलेलं. तिनं बापाकडं बघितलं. धोंडुबाई मागं उभी होती. बना म्हणाली, "म्या मागाय नको हुतं, आबा." मग थोडा वेळ चौकटीकडं बघत राहिली. "आन् तुम्ही लिवाय नको हुतं."

ती सासूला ऐकवायला बोलली की मनातून, हे कृष्णातला कळलं नाही. परतीच्या वाटेवर त्यानं तानाबाईला विचारलं. तानाबाई म्हणाली, "मला इचारू नगासा."

नागपंचमीला बनाला पाठवलं नाही. पत्र बंद झालं. दस्तगीरनं स्वतःच्या अक्षरात दोन पत्रं घातली, वजनदार. उत्तर नाही. दस्तगीर म्हणाला, आता कोल्हापुरावरनं आलेलं लिवणंच त्या घरात नको झालंय.

कृष्णातनं मनाशी एक पक्कं केलं. सुलट शिकायचं. बनाच्या हातात आपल्या हातचं सुलट पत्र पडलं, तिच्या सासूनं ते पोस्टमनकडून सरळ वाचून घेतलं, म्हणजे बाप साधा माणूस आहे हे त्या घराला दिसेल, आणि दिवाळीला पोरगी येईल. दिवाळीला तीन महिनेही नव्हते.

दुपारच्या सुट्टीत दस्तगीर त्याला शिकवायला बसला. दोघंही पन्नाशीला आलेले. बिडी विझायची तरी दस्तगीरच्या ध्यानात यायचं नाही.

"रेघ वर. वर रं. आता तिला 'ब' लटकव."

"लटकत न्हाय. पडतोय."

"पडत न्हाय. तुला वाटतंय."

हातानं रेघ वर काढायची आणि तिच्याखाली अक्षर काढताना ते आपोआप उताणं व्हायचं. पंचवीस वर्षांचा हात एका ठरावानं वळत नाही. कृष्णातनं घरी पुन्हा पेन्सिल धरली. बनाची जुनी पाटी फडताळात होती, ती काढली. रोज सकाळी कामावर जायच्या आधी पाटीच्या दोन्ही बाजू भरायच्या, पुसायच्या, पुन्हा भरायच्या. तानाबाई चुलीपुढून बघायची.  श्रावण गेला, भादवा गेला. 'बना' हा शब्द सुलट जमला. 'आई' जमली. पण ओळ लिहायला घेतली की तिसऱ्या शब्दाला हात चुकायचा आणि एखादं अक्षर उभं राहायचं. एक अक्षर उभं राहिलं तरी पत्र फुकट. तसलं अक्षर पुन्हा कागलला जाणं परवडणारं नव्हतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दस्तगीर म्हणाला, "आपुन दोघंबी गाढव. अरं, खिळं जुळव की. म्या प्रूफ वढतो. सुलटच निघणार, छापील. छापल्यालं बघून कुनाची टाप हाय करणी म्हणायची?"

छापखान्याचे खिळे घरच्या कामाला वापरायची रीत नव्हती. कृष्णातनं पंतांना विचारलं. पंतांना कागलची गोष्ट ठाऊक होती. त्यांनी हो म्हटलं.

त्यानं दोन संध्याकाळी लावून अकरा ओळी जुळवल्या. तळाशी श्री, बारीक नक्षीतला. 'चि. सौ. बना हीस आशीर्वाद. पूर्वीचे कार्ड मी छापखान्यात शिकलो तशा अक्षरात लिहिले होते. त्यात बाळाच्या पायांना तेल लाव इतकेच होते. माझी चूक झाली. पाकिटात घालायला हवे होते. तुझ्या सासूबाईंना व मामंजींना हे वाचून दाखव. दिवाळीला ये. आई वाट पाहते. मीही पाहतो.' ओळी दोऱ्यानं बांधल्या. पंत येऊन उभे राहिले. बांधलेला मजकूर त्यांनी बोटानं दाबून बघितला. कुठं ढिला नव्हता.

"कृष्णात, शब्दांमधलं अंतर बघ कसं राखलंयस. तू जुळवायला का आला नाहीस रे कधी?"

"कुणी इचारलं न्हाय, मालक."

पंत मान हलवत परत गेले. 

दस्तगीरनं प्रूफ ओढलं. चांगला पांढरा कागद घेतला होता. कृष्णातनं तो हातात धरला. स्वतःचंच पत्र, आणि तेच त्याला सरळ वाचता येईना. आरसा लावून वाचलं. चूक नव्हती. ह्या खेपेला पाकिटात घातलं. पत्ता त्यानं स्वतः लिहिला, सुलट, दोन ओळींचा. त्याला तीन पाकिटं लागली. बांधलेला मजकूर सोडायचा नाही, असं त्यानं दस्तगीरला सांगितलं. गहाळ झालं तर दुसरी प्रत काढता येईल. तो कोपऱ्यातल्या फळीवर ठेवला.

नवव्या दिवशी पाकीट परत आलं.

छापखान्याच्याच पत्त्यावर, दुपारच्या टपालात, बिलांच्या गठ्ठ्यात. फोडलेलं नव्हतं. त्यानं लिहिलेल्या पत्त्यावर जांभळ्या पेन्सिलीनं आडवं काहीतरी खरडलं होतं. कृष्णात ते घेऊन केसपाशी उभा राहिला. खिशातला आरसा काढायचं सुचलं नाही.

"घेण्यास," तो म्हणाला. थांबला. "न-का-र. परत."

दस्तगीरनं जुळवणं सोडून त्याच्याकडं बघितलं.

"आरशाबिगर वाचलंस."

"व्हय."

"हाताचं अक्षर, तेबी पेन्सिलीचं."

"व्हय," कृष्णात म्हणाला.

अडीच महिने ज्याच्या मागं लागला होता ते सुलट अक्षर त्याला आलं होतं. त्यानं टपालवाल्याला गाठून विचारलं, कागलला पाकीट घ्यायला नकार कुणी दिला, म्हाताऱ्या बाईनं की पोरीनं? टपालवाला म्हणाला, "मला काय ठावं, तिकडचा पोस्टमन लिवतो." त्यात खोटं काहीच नव्हतं.

दुपारनंतर कृष्णातनं नेहमीचं काम केलं. एका सहकारी सोसायटीच्या नियमांची आठ पानं सोडायची होती, ती सोडली. जुळारी हात धुवायला गेले. दस्तगीर रेंगाळत राहिला, मग तोही गेला. कृष्णातनं फळीवरचा बांधलेला मजकूर खाली घेतला, दोरा सोडला आणि गुंडाळून खिशात ठेवला. वरच्या ओळीपासून सुरुवात केली, म्हणजे पत्राच्या शेवटापासून. 'मीही पाहतो.' 'आई वाट पाहते.' 'दिवाळीला ये.' एकेक ओळ उचलायची, अंगठ्याखालून सरकवायची, खणात टाकायची. वाचायचं नाही, तोंड बघायचं आणि टाकायचं. पण आता त्याला न वाचता टाकणं जमत नव्हतं. ओळ न् ओळ वाचूनच गेली. तळाशी नक्षीतला श्री राहिला. त्याचा खण वेगळा, वरच्या पेटीत. तो त्यानं पुसून ठेवला.

सगळं जागच्या जागी गेलं होतं. चुकीचा खिळा एकही नाही. स्टिक समोरच होती. ती त्यानं उचलली, कडा पुसल्या आणि भिंतीवरच्या खिळ्याला टांगली.

घरी आला तेव्हा तानाबाई भाकरी थापत होती. पाकिटाचं तिला ठाऊक नव्हतं. कित्येक महिन्यांत तिनं विचारलं नव्हतं, पण मजकूर छापून गेल्यापासून तिला थोडी आशा होती, म्हणून त्या दिवशी तिनं मागं न बघता विचारलं, "आज काय लिवलंसा?"

कृष्णात उंबऱ्याशी पाय धूत होता.

"काय न्हाय," तो म्हणाला. "आज नुसतं सोडायचंच काम हुतं."